चांभारचौकशा

"नसत्या चांभारचौकशा करू नकोस!" मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी हे वाक्य लहानपणी कधी ना कधी ऐकलेले असते. पाहुण्यांना पगार विचारला, शेजारच्या ताईचे लग्न का मोडले म्हणून विचारले, मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसले, की हे वाक्य ठरलेले. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्याशी आपले देणेघेणे नाही ते खोदून खोदून विचारणे. पण हे नको ते विचारणे चांभाराच्याच नावावर का टाकले? सोनारचौकशा का नाहीत? वैद्यचौकशा का नाहीत? मला हा प्रश्न पडला तो टेक्सासात आल्यावर, वयाच्या तिशीनंतर. कारण इथे महिन्यातला एक शनिवार मी अक्षरशः चांभारचौकशा करण्यात घालवतो.

सांगतो. पोटापाण्यासाठी मी पॉलिमरवर संशोधन करतो, डॉक्टरेटही त्यातलीच. चामडे म्हणजे कोलॅजेन, आणि कोलॅजेन हे निसर्गाने केलेले पॉलिमरच. एका सहकाऱ्याने मला त्याच्या चामडेकामाच्या गिल्डच्या बैठकीला नेले आणि मी तिथलाच होऊन गेलो. अमेरिकेत अशा हौशी गिल्ड बऱ्याच शहरांत आहेत. एखादा सार्वजनिक हॉल, घडीची टेबले, त्यांवर स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेले ग्रॅनाइटचे तुकडे (ठोकायला भक्कम पाया हवा ना!), आणि भोवती तऱ्हेतऱ्हेची माणसे. निवृत्त वैमानिक, दातांचे डॉक्टर, ट्रकचालक, शाळेतल्या बाई, आणि मी. कोणी पट्टा करतो, कोणी पर्स, कोणी चार वर्षे एकच घोड्याचे खोगीर. धंदा म्हणून हे करणारे त्यात एखाददुसरेच.

आणि बोलणे काय? "तू चामडे किती ओले करतोस?" या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो. वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्यावर नक्षी उठवायची तर आधी ते पाण्याने ओलवावे लागते. पाणी कोलॅजेनच्या तंतूंमध्ये शिरते, तंतू एकमेकांवरून सरकू लागतात, आणि चामडे मातीसारखे दाबले जाते. पाणी जास्त झाले तर ठसा उठतो पण टिकत नाही. कमी झाले तर सुरीची रेघ उघडतच नाही. मग नेमके किती? मी प्रयोगशाळेतला माणूस, मला वाटले वजनाची टक्केवारी सांगतील. एका आजींनी सांगितले, "रंग जवळजवळ पहिल्यासारखा दिसू लागला, आणि गालाला लावल्यावर अजून गार लागला, की सुरुवात कर." बाष्पीभवनाने गारवा येतो, म्हणजे आत अजून पाणी आहे. इतका स्वस्त आर्द्रतामापक आमच्या प्रयोगशाळेत एकही नाही.

अशा कितीतरी गोष्टी. नक्षीची सुरी दर काही मिनिटांनी, न्हावी वस्तरा घासतो तशी, चामड्याच्या पट्टीवर घासावी. कड घोटताना ती किंचित ओली करून कॅनव्हासने घासली तर काचेसारखी चमकते. शिवण घालावी ती एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. यात खरे अभियांत्रिकी आहे. शिवणयंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत एक फेर तुटला तरी दुसरा तेवढ्याच भोकांतून घट्ट बसलेला असतो. मोटारींच्या जमान्यातही खोगीर शिवणारे हीच शिवण घालतात ते उगाच नाही.

जाडी मोजण्याचीही गंमत. इथे चामड्याची जाडी "औंसात" सांगतात. एक चौरस फूट चामडे एक औंस भरले तर ते साधारण इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे ०.४ मिलिमीटर जाड असते. मी घरी येऊन गणित केले. त्यावरून घनता निघते घन सेंटिमीटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास, जी कमावलेल्या चामड्याला अगदी शोभते. ८-९ औंसांचा पट्टा म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आगेमागे. शिधावाटप दुकानातल्या हिशेबासारखी ही पद्धत, पण चालते!

तर सांगायचा मुद्दा असा की या बैठकीत कोणी काही लपवत नाही. तुम्ही विचारा, ते सांगतात. सांगून थांबत नाहीत, तुमच्या हातातली आरी घेऊन करून दाखवतात, आणि मग नातवंडांचे फोटोही दाखवतात. मला सुरुवातीला हे अमेरिकन मोकळेपणाचे लक्षण वाटले. पुढे थोडा इतिहास वाचला तेव्हा लक्षात आले की हा मोकळेपणा या धंद्यात पूर्वी नव्हता. तो कसा आला ही एक स्वतंत्र कथा आहे, आणि तिचे बरेचसे धागे मी राहतो त्या टेक्सासातच सापडतात.

जुन्या युरोपात चामड्याचे काम गिल्डच्या ताब्यात होते. त्या गिल्ड हौशी नव्हत्या, पोटाच्या होत्या. लंडनच्या कॉर्डवेनरांचे, म्हणजे उंची चामड्याचे जोडे करणाऱ्यांचे, नियम १२७२ सालचे आहेत. (कॉर्डवेनर हा शब्द स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरावरून आला, तिथले चामडे नावाजलेले.) १५६३ च्या इंग्लंडच्या कायद्याने धंदा करायचा तर सात वर्षे उमेदवारी सक्तीची केली. उमेदवारीच्या करारपत्रांत "आर्ट अँड मिस्टरी" असा शब्दप्रयोग असे. तिथे मिस्टरीचा अर्थ निव्वळ "धंदा" असा आहे, पण आजच्या कानाला जो अर्थ ऐकू येतो तोही काही चुकीचा नाही. विद्या घरात राही, मालकाकडून उमेदवाराकडे जाई, आणि बाहेरच्याला दार बंद. १७६७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या मालिकेत गार्सो नावाच्या लेखकाने जोडे करण्याच्या कलेवर आकृत्यांसह पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा विद्वानांच्या कपाटात चांभाराची आरी पहिल्यांदा मानाने गेली असावी. पण ते पुस्तक वाचून कोणी घरी जोडे शिवायला बसले असेल असे वाटत नाही.

नक्षीदार चामड्याची परंपरा स्पेनहून मेक्सिकोत आली आणि मेक्सिकोतल्या गुराख्यांबरोबर टेक्सास-कॅलिफोर्नियात. खोगिरावर फुले-पाने कोरायची. हे कारागीर आपापली ठोकण्याची हत्यारे स्वतः घडवत, बहुधा खिळ्यांच्या डोक्यावर कानस मारून. बाहेरचा माणूस दुकानात आला की हातातल्या कामावर फडके टाकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी आमच्या गिल्डमध्ये अजून सांगतात. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि पुढच्या दोन दशकांत घोडा रस्त्यावरून गेला. खोगीर आणि लगाम करणाऱ्यांची दुकाने भराभर बंद पडली. विद्या घरात होती, घरेच मोडली.

हौस म्हणून चामडे हातात घेणे मात्र तोवर सुरू झाले होते. अमेरिकन बॉय स्काउटांची १९११ साली जी ५७ कौशल्यपदके ठरली, त्यांत चामडेकामही होते. पण खरी उलथापालथ केली ती महायुद्धाने.

१९१९ साली टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरात नॉर्टन हिंकली आणि डेव्ह टँडी या दोघांनी एक दुकान काढले. गिऱ्हाईक म्हणजे जोडे दुरुस्त करणारे चांभार, आणि माल म्हणजे तळव्याचे चामडे व किरकोळ सामान. डेव्हचा मुलगा चार्ल्स टँडी दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता आणि हवाईत तैनात होता. तिथे त्याने पाहिले की लष्करी इस्पितळांतले जखमी सैनिक चामड्याची पाकिटे शिवताहेत. व्यवसायोपचार म्हणून त्यांना हे काम देत. हात थरथरणाऱ्याला भोकातून चामड्याची दोरी ओवायची, ज्याला झोप येत नाही त्याने ठोकत बसायचे. चार्ल्सने वडिलांना पत्र लिहिले की धंदा इथे आहे. १९४३ पासून अमेरिकेत बुटांवर रेशनिंग आलेले, त्यामुळे जोड्यांच्या धंद्यातल्या माणसाला दुसरी वाट हवीच होती.

आमच्या गिल्डमधल्या एका निवृत्त परिचारिकेने मला या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली. माजी सैनिकांच्या इस्पितळात त्यांना चामडे शिकवले ते एका रुग्णाने. "तो कोणाशीच बोलत नसे. पण दोरी चुकीच्या भोकात घातली की 'अंहं' म्हणायचा." पुढे क्लॉडिया अॅलन या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी चामड्याच्या ओवणीवरच एक चाचणी बेतली. आधी साधा धावता टाका, मग कडेवरून गुंडाळणारा टाका, मग कॉर्दोबाच्या नावाचा अवघड टाका. रुग्ण कुठपर्यंत पोचतो आणि चूक झाली तर ती स्वतः सुधारतो का, यावरून त्याची समजशक्ती कितपत काम करते याचा अंदाज घेतात. ही चाचणी मानसोपचारात बरीच रुळली. चांभाराच्या टाक्याने डोक्याची तपासणी! आपल्याकडे हे कोणी सांगितले असते तर हसले असते.

असो. युद्ध संपले, सैनिक घरी परतले, आणि इस्पितळात लागलेली सवय काहींनी सोबत आणली. १९५० मध्ये हिंकली आणि टँडी वेगळे झाले. हिंकलींना जोड्यांच्या सामानात राहायचे होते, टँडी बापलेकांना छंदाच्या बाजारात उतरायचे होते. त्याच वर्षी एल पासो आणि सॅन अँटोनियो इथे निव्वळ चामडेकामाची दोन दुकाने निघाली. "पॉप्युलर सायन्स" मासिकात दोन इंची जाहिरात द्यायची, आणि उत्तर पाठवणाऱ्याला ८ पानांचे सूचिपत्र टपालाने धाडायचे. घरबसल्या पुडके यायचे. त्यात कापलेले चामडे, पाडलेली भोके, ओवायची दोरी आणि एक माहितीपत्रक. आयोवातला शेतकरी, नेवाडातली गृहिणी, शिकागोतला कारकून, कोणीही सुरुवात करू शकत होते. जात, घराणे, उमेदवारी, काही नको. पैसे पाठवा, पुडके घ्या.

(इंजिनिअर मंडळींसाठी एक खाऊ: याच चार्ल्स टँडीने १९६३ मध्ये बोस्टनची डबघाईला आलेली, नऊ दुकानांची एक कंपनी विकत घेतली. तिचे नाव रेडिओ शॅक. गणित तेच होते. हौशी माणसाला सुटे भाग द्या, सोपे माहितीपत्रक द्या, बाकी तो करतो. १९७७ मध्ये तिने घरगुती संगणक बाजारात आणला तो टीआरएस-८०. त्यातला "टी" टँडीचा. म्हणजे अमेरिकेतल्या हजारो प्रोग्रामरांचा पहिला संगणक चांभारांना तळवे पुरवणाऱ्या दुकानाच्या वंशातला. २०१५ मध्ये रेडिओ शॅकचे दिवाळे निघाले. चामड्याची दुकाने मध्यंतरी मालक बदलून आजही चालू आहेत. काय म्हणावे!)

पण पुडक्याने माणूस कारागीर होत नाही. त्याला सांगणारा लागतो. इथे अॅल स्टोलमन (१९१९-१९९८) या माणसाचे नाव घ्यावे लागते. तो महायुद्धात सैन्यात होता, आणि चामडे त्याला घराण्याने नव्हे, खटपटीने आले. १९५० च्या दशकापासून त्याने चामड्यावर कोरीवकाम कसे करावे याची पुस्तके लिहायला आणि काढायला सुरुवात केली. "काढायला" म्हणतो, कारण मजकुराइतकीच त्याची चित्रे बोलतात. हात कसा धरायचा, सुरी कुठे वळवायची, चुकलेले कसे दिसते, सगळे हाताने काढलेले. हाताने शिवण घालण्यावरचे त्याचे १९७७ चे पुस्तक माझ्या टेबलावर आहे, आणि तांत्रिक लेखन कसे असावे हे मला संशोधनाच्या मार्गदर्शकांपेक्षा त्याने जास्त शिकवले. बायको अॅनसह तो नंतर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जाऊन राहिला, आणि दोघांनी मिळून खोगीर करण्यावर तीन खंडांचा ज्ञानकोश केला. ज्या कामावर म्हातारे फडके टाकत होते, ते त्यांनी मापांसकट छापून टाकले.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. क्राफ्टूल नावाच्या कंपनीने ठोकण्याच्या हत्यारांना अक्षरे आणि नंबर दिले. बी म्हणजे कड दाबणारा बेव्हलर, पी म्हणजे पाकळीला उठाव देणारा पेअर शेडर, व्ही म्हणजे पानांच्या शिरा उठवणारा व्हेनर, एस म्हणजे फुलाच्या मध्यातले बी उठवणारा सीडर. आता एकाने लिहायचे की अमुक पाकळीला अमुक नंबरने ठोका, आणि दोन हजार मैलांवर दुसऱ्याने तोच नंबर उचलून तोच ठसा उठवायचा. त्यावर "डूडल पेज" नावाचे एकेक पानी धडे निघाले, एका बाजूला नक्षी आणि दुसऱ्या बाजूला कृती. प्रमाणीकरण हा आम्हा इंजिनिअरांचा कोरडा विषय आहे. पण इथे त्याने काय केले पाहा. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला भाषा दिली. आमच्या गिल्डमधले निम्मे बोलणे याच अक्षरांत चालते.

सगळेच काही हौशी नव्हते. वायोमिंगमधल्या शेरिडन गावात डॉन किंग (१९२३-२००७) हा खोगीर करणारा होता. एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांतून वळणाऱ्या वेली आणि त्यांवर रानगुलाब, अशी त्याची नक्षी आज "शेरिडन शैली" म्हणून जगभर ओळखली जाते. अमेरिकन सरकारने १९९१ मध्ये लोककलेचा राष्ट्रीय सन्मान त्याला दिला. त्याने आपल्या गावातल्या तरुणांना शिकवले, आणि म्हणूनच ती शैली "किंगची" न राहता गावाची झाली. पोट चामड्यावर असूनही शिकवणारा माणूस तो.

आता यात टँडीचा व्यापार होता हे उघड आहे. शिकणारे वाढले तर चामडे खपते. आणि आमच्या गिल्डमधला दंतवैद्य आपली युक्ती मला आनंदाने सांगतो, कारण मी शिकलो म्हणून त्याचे ताट रिकामे होणार नाही. फडके टाकणाऱ्या म्हाताऱ्याचे ताट होणार होते. गुपित राखणाऱ्याला कद्रू म्हणण्याआधी त्याच्या पोटाचा विचार करायला हवा. मोकळेपणा ही भरल्या पोटाची चैनही असते. हे मान्य करूनच पुढचे लिहितो, कारण पुढचे आपल्या घरचे आहे.

टॅनिंगवरच्या इथल्या पुस्तकांत एक शब्द सारखा येतो, मायरोबॅलन. हे टॅनिन "भारतातून" येते असे लिहिलेले. शोधले तर निघाला हिरडा! आपला त्रिफळा चूर्णातला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी तो गोळा करतात. हाच हिरडा आणि बाभळीची साल घेऊन महाराष्ट्रातले ढोर कित्येक पिढ्या कातडी कमावत आले. म्हशीचे कातडे पिशवीसारखे शिवायचे, आत सालीचा आणि हिरड्याचा काढा भरायचा, आणि टांगून ठेवायचे. काढा झिरपत कातड्यातून बाहेर येतो आणि जाताजाता कोलॅजेन बांधून जातो. रसायनशास्त्रात याला विसरण आणि हायड्रोजन बंध म्हणतात. मराठीत म्हणतात "कमावणे". पैशालाही तोच शब्द, शरीरालाही तोच, कातड्यालाही तोच.

आणि या विद्येची वाटणी कशी होती? मेलेले जनावर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, त्याचे जोडे आणि मोटा शिवायच्या चांभारांनी, वाद्या आणि दोर मांगांनी. चांभार बारा बलुतेदारांतला, म्हणजे त्याच्या मोटेवाचून गावाला पाणी नाही आणि वहाणेवाचून पाय नाही. पण त्याचे घर गावाच्या कडेला. आमच्या आजोबांच्या गावात जोडा दुरुस्तीला टाकायचा तो हातात द्यायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, असा रिवाज होता हे मी घरीच ऐकले आहे. अशा अंतरावरून कोण विचारणार, की काका, वादी किती ओली करता? युरोपात दार बंद होते ते आतून, गिल्डने केलेले. आपल्याकडे बाहेरून कडी होती. विद्या असणाऱ्याने ती लपवली नाही, बाकीच्यांनी विचारलीच नाही. म्हणून मराठीत गार्सो झाला नाही आणि स्टोलमनही झाला नाही. चांभाराशी संबंधित चौकशी म्हणजे फालतू चौकशी, हे भाषेनेच ठरवून टाकले होते.

अपवाद झाले. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय निघाले आणि गोपाळराव वाळुंजकरांनी त्यात आयुष्य घातले. १९४८ मध्ये मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था निघाली. यलवर्ती नायुडम्मा या शास्त्रज्ञाने तिला जगभर नाव मिळवून दिले. (१९८५ च्या कनिष्क विमानाच्या घातपातात ते गेले.) पण तोवर आंबेडकरी चळवळीने १९२० च्या दशकापासून सांगायला सुरुवात केली होती, मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा, जे काम तुम्हाला अस्पृश्य ठरवते ते सोडा. ते बरोबरच होते. जन्माने गळ्यात पडलेले काम टाकून देण्याचा हक्क हा कुठल्याही कलेच्या जतनापेक्षा मोठा आहे. "कला मरत चालली हो" असे गळे काढणाऱ्यांनी (आणि परदेशात बसून आम्ही ते जरा जास्तच काढतो) हे आधी लक्षात घ्यावे. २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्या रस्त्यावर मारहाण झाली. मी टेक्सासात तेच कातडे कमावलेले विकत आणतो आणि लोक मला "क्रिएटिव्ह" म्हणतात. मी पहिले पाकीट शिवले तेव्हा आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून आता चांभारकी करतोस होय?" हसतच म्हणाली, पण म्हणाली.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. गदारोळ झाला, मग कंपनीने भारतीय कारागिरीचा वारसा मान्य केला. त्या आठवड्यात माझ्या ओळखीचा प्रत्येक मराठी माणूस "आमची कोल्हापुरी" म्हणत होता. मी दोघातिघांना विचारले, बाबा रे, ती शिवतात कशाने? उत्तर कोणालाच आले नाही. चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा नसतो. वरची वेणी बहुधा घरातल्या बायका घालतात.

मला तरी कुठून कळले? गेल्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो तेव्हा एका कारागिरांसमोर बसलो होतो. साठीतले असावेत. मी वादीबद्दल विचारू लागलो तशी त्यांनी मान वर केली.

"साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला कशाला हो हे?"

"मामा, मी पण थोडं शिवतो," म्हणून मी खिशातले पाकीट पुढे केले. त्यांनी ते हातात घेतले, उलटेपालटे केले, कडेवर अंगठा फिरवला आणि नखाने एक टाका उचकून पाहिला.

"दोन सुया?"

"हो."

"दोरा कसला? मेण लावलंय व्हय? आरी गोल नाही तुमची, भोक तिरकं पडलंय." मग पाच मिनिटे तेच विचारत होते. आरी कुठे मिळते, पाते किती रुंद, टाका इंचाला किती. मी पहिल्यांदाच मराठीत हे सगळे बोलत होतो, आणि अर्धे शब्द मला येत नव्हते. ते त्यांनी दिले. वादी ओली करूनच ओवायची, वाळताना ती आखडते आणि टाका आपोआप आवळतो, हे त्यांनी करून दाखवले.

मी विचारले, मुलगा हेच करतो का? "नाही. कंपनीत आहे, शिरोलीला. मी शिकवलंच नाही त्याला." थोडे थांबून म्हणाले, "पण कुणी लिहून घेतलं तर सांगीन की. आमचं नाव घालून लिहा म्हणजे झालं."

स्टोलमनच्या प्रत्येक पुस्तकावर त्याचे नाव आहे. शेरिडनच्या वेलीला गावाचे नाव आहे. कोल्हापुरीचे बारीकसारीक, म्हणजे काढा किती दिवस, वादी किती रुंद, वेणीचे पेड किती, हे चित्रांसकट मराठीत लिहिले जावे, करणाऱ्यांच्या नावाने लिहिले जावे, आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत. मग ते काम त्यांच्या मुलांनी करायचे की नाही हे त्यांच्या मुलांनी ठरवावे. माझ्यासारख्याने एवढेच करावे, की पुढच्या सुट्टीत वही घेऊन जावे आणि मनसोक्त चांभारचौकशा कराव्यात.